एकशेवीस डाव्या बाह्या

सख्ख्या नातीनं भरल्या सभागृहात आपल्याला म्हातारी ठरवावं, आणि तेही इतक्या गोड आवाजात की समोरच्या शंभरेक पोरापोरींनी समजूतदारपणे माना डोलवाव्यात, हे बाईंच्या काही केल्या घशाखाली उतरेना. म्हातारी हा शब्द तिनं वापरला नव्हता, हे खरं. ‘वक्ता क्रमांक सात या वयानं ज्येष्ठ आहेत, त्यामुळे शब्द आठवायला त्यांना थोडा जास्त वेळ लागत असावा,’ असं ती म्हणाली होती. पण चाळीस वर्षं कपडे शिवलेल्या बाईला अस्तर कुठलं आणि वरचं कापड कुठलं, एवढं कळतं. शब्द आठवायला म्हणे वेळ लागतो. ज्या बाईला वीस वर्षांपूर्वी येऊन गेलेल्या गिऱ्हाइकाचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली होता हे अजून आठवतं, जिच्या तोंडाला लागायची वर्कशॉपमधल्या अठरा बायकांपैकी एकीचीही छाती होत नाही, तिला शब्द सापडत नाहीत असं विशीतल्या पोरीनं माइकवरून सांगायचं, आणि कुणा चष्मेवाल्या पोरानं ते वहीत लिहून घ्यायचं. बाई सहाव्या रांगेत भिंतीकडच्या खुर्चीवर ताठ बसून होत्या. गळ्यात ‘पाहुणे’ असं छापलेलं ओळखपत्र होतं. त्याची फीत नायलॉनची होती आणि मानेला चावत होती. टाळ्या वाजल्या तेव्हा त्यांनी हात मांडीवरून उचलले नाहीत.

परिषद पोरांनीच भरवली होती. भाषेवर संशोधन करणारी पोरं. भाषेवर काय संशोधन करायचं असतं हे बाईंना तीन वर्षं ऐकूनही उमगलं नव्हतं, पण नात तेच शिकायला या शहरात आली होती आणि होस्टेलवर राहत होती, म्हणून त्यांनी ते मान्य करून टाकलं होतं. प्राध्यापकांना मागच्या रांगेत बसवलं होतं, मधे बोलायचं नाही अशी ताकीद देऊन. दोघं तर पोरांसारखे एकमेकांच्या कानात कुजबुजत होते. दाराशी नावं टिपणारी मुलगी, माइकच्या वायरी चिकटपट्टीनं जमिनीला डकवणारा मुलगा, पहिल्या रांगेत मांडीवर पुठ्ठे घेऊन बसलेली एक किडकिडीत पोर. पुठ्ठ्यावर लिहिलेलं ‘पाच मिनिटं’, मग ‘एक मिनिट’, मग नुसतं ‘थांबा’. बाईंना ती व्यवस्था आवडली होती. वर्कशॉपमध्ये असे पुठ्ठे हवेत, असंही मनात येऊन गेलं होतं. मग नात उभी राहिली, तिच्या अंगातल्या जाकिटाची उजवी बाही मनगटाशी थोडी ओढलेली दिसली, आणि तिनं आपला विषय सांगितला: माणसं स्वतःची चूक सांगताना कुठे थांबतात. आठ माणसांना तिनं एकच प्रश्न विचारला होता. तुमच्या कामात झालेली एक चूक सांगा. एक बसचा ड्रायव्हर, एक खानावळीतली स्वयंपाकीण, एक औषधांच्या दुकानातला, असे आठ. प्रत्येकाचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा ती ऐकवत होती आणि पडद्यावर आवाजाची रेघ काळ्या गवतासारखी उठत होती. जिथे माणूस गप्प झाला तिथे गवत संपून नुसती सपाट रेघ. ड्रायव्हरच्या तुकड्याला लोक हसले. स्वयंपाकिणीच्याही. मग सातवा तुकडा लागला आणि बाईंचा स्वतःचा आवाज छताखालच्या दोन खोक्यांतून खाली आला, त्यांना वाटत होता त्यापेक्षा बराच कोरडा, शेवटाला चिरलेला. ‘सगळ्यांना वाटतं ती चूक टूंची होती. अजून वाटतं. पण ती टूंची नव्हती.’ मग सपाट रेघ. इतकी लांब, की पुठ्ठेवाल्या पोरीनं मान वळवून पडद्याकडे बघितलं. ‘माझी होती.’

टूं. मशीनची सुई कापडाखालच्या टाचणीवर आदळली की कशी सबंध हातातून कळ जाते, तसं ते बाईंच्या अंगात गेलं. त्या आवाजाखाली एक नाव झाकलेलं होतं. बाईंनी ते उच्चारलं होतं, नऊ वर्षांनी पहिल्यांदा, दोनदा, स्वच्छ. आणि ते नाव जिचं होतं ती त्यांची लेक चार रांगा पुढे, मधल्या वाटेच्या कडेला बसली होती, आपल्या पोरीचं कौतुक ऐकायला चार तासांची बस करून आलेली. बाईंना तिची फक्त मान दिसत होती, आणि कोटाची कॉलर. कॉलर तिनंच शिवलेली होती, यात शंका नव्हती. आतला पदर बाहेरच्यापेक्षा दोराभर आखूड ठेवला की शिवण वर डोकावत नाही, हे तिला बाईंनी ती चौदा वर्षांची असताना शिकवलं होतं, बोटांवर पट्टी मारून. मान हलली नाही. टूं झालं तेव्हा हलली नाही, आणि नंतरही नाही.

घरात आणि वर्कशॉपमध्ये ते नाव घ्यायचं नाही, हा बाईंचा नियम होता. कुणाला असा सांगितलेला नव्हता, पण सगळ्यांना ठाऊक होता. लेक गेली त्या पहिल्याच महिन्यात मुलगा जेवताना ते नाव बोलून गेला, तर बाई ताट तसंच सोडून उठल्या, आणि त्यानंतर सुनेनं सुद्धा कधी आगळीक केली नाही. बायका लेकीला ‘खिडकीवाली’ म्हणायच्या, कारण ती खिडकीशी बसायची. मग त्या मशीनवर दुसरी बसायला लागली आणि तेही बंद पडलं. नात होस्टेलवर आल्यापासून दर रविवारी जेवायला यायची आणि तीही ‘आई’ म्हणत नसे, ‘घरी’ म्हणायची. घरी बरं आहे. घरी नवीन मशीन घेतलं. घरी गुडघा दुखतोय. बाई ऐकायच्या आणि म्हणायच्या, हो का. पोरगी शहाणी, त्यापुढे जायची नाही. नियम पाळणं तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

कापडाचे थर समोरासमोर अंथरायचे असतात, सुलट बाजूला सुलट, म्हणजे कात्रीच्या एका फेरीत बाह्यांची डावी-उजवी जोडी निघते. ही गोष्ट शिकाऊ पोरीला पहिल्या आठवड्यात सांगतात. हॉस्पिटलच्या कोटांचं कापड होतं, एका अंगानं चकचकीत, दुसऱ्या अंगानं मंद, आणि साठ कोट चार दिवसांत द्यायचे होते. त्या संध्याकाळी सगळ्या गेल्यावर बाईंनीच ते मोठ्या टेबलावर अंथरलं, कुणाची मदत न घेता, कारण मदत घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं आणि कंबर दुखत होती हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं. दर थराला टेबलाच्या त्या टोकाला जाऊन कापड उलटवावं लागतं. बाई गेल्या नाहीत. कंबर दुखत होती म्हणून, की मनात दुसरंच काही घोळत होतं म्हणून, हे त्यांनी नऊ वर्षं स्वतःला विचारलं होतं, आणि दर वेळी उत्तर वेगळं आलं होतं. सगळे थर तोंड वर करून एकावर एक पडले. सकाळी लेकीनं वर खडूची खूण बघितली, आईनं अंथरलंय म्हणजे काय बघायचं, म्हणून विश्वासानं कापलं. दुपारी कोटाला बाह्या लावायला घेतल्या तेव्हा उजवी बाही कुणाला सापडेना. एकीनं गठ्ठा उपसला, दुसरीनं उपसला. एकशेवीस बाह्या, सगळ्या डाव्या. कुणीतरी फिसकन हसलं. त्या हसण्यानं घात केला. बाई म्हणाल्या, डोळे घरी काढून ठेवून येतेस का. म्हणाल्या, आईच्या जिवावर किती दिवस कात्री धरणार. आणखी काय काय म्हणाल्या ते त्यांना आठवत होतं, शब्दन् शब्द, आणि आता म्हणे शब्द आठवत नाहीत. लेकीनं एकदा टेबलाकडे बघितलं, तिथे उरलेल्या कापडाचे काठ अजून पसरलेले होते, सगळ्यांची चकचकीत बाजू वर. मग तिनं आईकडे बघितलं. तिला कळलं होतं. आईला कळलं होतं हेही तिला कळलं होतं. ती थांबली. नुसती उभी राहिली, जशी गिऱ्हाइकानं आरशात बघून काय ते सांगावं म्हणून उभी राहायची तशी. त्या तेवढ्या वेळात बाईंना बोलता आलं असतं. अठरा जणींची मशीनं बंद होती. मग लेकीनं मानेवरची टेप काढली, तिची गुंडाळी केली, कात्रीशेजारी ठेवली आणि ती गेली.

नातीनं वर्कशॉपमध्ये येऊन रेकॉर्डर ठेवला तेव्हा जेवणाची सुट्टी होती. टेबलाचा थरथराट येऊ नये म्हणून तिनं खाली घडी घातलेलं फडकं ठेवलं, पंखा बंद करायला लावला, आणि परीक्षा घेणाऱ्यासारखा चेहरा करून म्हणाली, आजी, तुमच्या कामात झालेली एक चूक सांगा. तुमच्या, म्हणाली. बाईंना हसू आलं. त्याआधी तिनं सांगितलं होतं की परिषदेत सगळ्यांचे तुकडे ऐकवणार आहे, आणि घरचेही येणार आहेत ऐकायला. घरचेही. बाईंनी ते ऐकलं, आणि सबंध आठवडाभर त्याच एका वाक्याभोवती फिरल्या. स्वतः जाऊन सांगायचं, दारात उभं राहून, हे त्यांच्यानं मेल्यावरही झालं नसतं. पण एक यंत्र सांगणार असेल, भर सभेत, शंभर माणसांसमोर, आपण काही हातपाय न हलवता, तर ते जमण्यासारखं होतं. ज्या चारचौघांत लेकीला बोल लावले त्याहून मोठ्या चारचौघांत ते परत घेतले जातील, आणि आपण मागे कुठेतरी बसून असू. मग कदाचित ती मागे वळून बघेल. त्यापुढचं बाईंनी ठरवलं नव्हतं. त्यापुढचं लेक ठरवेल, इतकंच. आणि म्हणून, प्रश्न विचारल्यावर, त्यांनी नातीच्या चेहऱ्याकडे न बघता त्या काळ्या डबीकडे बघत सगळं सांगितलं: कापड, थर, कंबर, बाह्या. नात मधे एकदाही बोलली नाही. शेवटाशी येऊन बाई थांबल्या. शब्द आठवत नव्हता म्हणून नाही. शब्द जिभेवर होता, नऊ वर्षं तिथेच होता, तिथे त्याची गाठ झाली होती. ती गाठ सोडवायला जेवढा वेळ लागला तेवढा लागला, आणि त्या वेळाची आता सेकंदांत मोजदाद झाली होती, चार पूर्णांक काहीतरी, आठही जणांत सर्वांत जास्त. चष्मेवाल्या पोरानं तेच विचारलं होतं. सातव्या वक्त्याचा थांबा एवढा मोठा का.

पंधरा मिनिटांत आठ तुकडे बसवायचे म्हणून नातीनं कापड, थर, बाह्या सगळं छाटून टाकलं होतं. राहिली होती चार वाक्यं. त्यातलं नाव टूं झालं होतं.

चहाची सुट्टी झाली तेव्हा खुर्च्या सरकल्या आणि सगळी पोरं एकदम दाराकडे निघाली. बाहेरच्या लांब व्हरांड्यात टेबलावर चहाची मोठी टाकी होती, कागदी कप होते, भिंतीवर पोरांनी आपापल्या संशोधनाची चित्रं लावली होती आणि ज्याच्या त्याच्या चित्रासमोर जो तो कुणी विचारेल का म्हणून उभा होता. बाईंनी कप घेतला. चहा पाणचट होता आणि कप इतका पातळ की बोटं भाजत होती, पण ठेवायला जागा नव्हती. टाकीच्या त्या अंगाला लेक नातीपाशी पोचली होती. तिनं काहीतरी विचारलं. नातीनं मान हलवली. तिनं पुन्हा विचारलं, या वेळी नातीच्या दंडाला धरून. नातीनं पुन्हा तशीच मान हलवली. मग लेक हसली, नातीच्या जाकिटाची ओढलेली बाही मनगटाशी धरून नीट केली, आणि मान वर केली तेव्हा तिला बाई दिसल्या. केस पांढरे झाले होते तिचे. कानांवर, दोन्हीकडे. हे नातीनं कधी सांगितलं नव्हतं. घरी बरं आहे म्हणायची, घरी केस पांढरे झालेत असं कधी म्हणाली नाही. लेक उभी राहिली. मधून पोरं जात होती, कप सांभाळत, हसत, आणि त्यांच्यामधून ती दिसत होती, नाहीशी होत होती, पुन्हा दिसत होती, तिथेच. दहा पावलं असतील. बाईंच्या मानेला फीत चावली. त्यांनी कप डाव्या हातात घेतला, उजव्या हातानं फीत सारखी केली, तिची पीळ पडलेली बाजू उलटवली, ओळखपत्र सरळ केलं, आणि या सगळ्याला जेवढा वेळ लागायला हवा त्याहून बराच जास्त वेळ लावला. वर बघितलं तेव्हा व्हरांड्याच्या टोकाचं दार हळूहळू मिटत होतं. दाराबाहेर उन्हात कोटाची पाठ दिसली. पाठीवरची शिवण अगदी सरळ होती.

बाईंनी कप खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि नातीला बोटानं बोलावलं. नात आली. व्हरांड्यातल्या, रिकाम्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या कोपऱ्यात दोघी उभ्या राहिल्या.

“मला म्हातारी केलंस ते केलंस,” बाई म्हणाल्या. “नावं का खाल्लीस?”

नातीनं शांतपणे सांगितलं की ते तिनं ठरवलं नव्हतं. रेकॉर्डिंगच्या आधी भरून घेतलेल्या परवानगीच्या फॉर्मवर दोन चौकटी होत्या. एकीत लिहिलं होतं की नावं ठेवली तरी चालतील. वरचीत, की माझं आणि मी ज्यांच्याबद्दल बोलेन त्या सगळ्यांचं नाव काढून टाकावं. आजीनं वरच्या चौकटीत खूण केली होती. ती वाचून दाखवणार होती, तर आजी म्हणाली होती, मला वाचता येतं. बाईंना तो कागद आठवला. मुंगीएवढी अक्षरं, आणि चष्मा घरी. तिसरीपर्यंतच्या शाळेत मोठी अक्षरं होती. पेन हातात घेऊन, जाणत्या माणसानं करावी तशी जराशी मान हलवून, त्यांनी पहिल्या चौकटीत फुली मारली होती, कारण ती पहिली होती.

“मी वाचूनच केली होती,” बाई म्हणाल्या.

“हो का,” नात म्हणाली.

ते ‘हो का’ बाईंचंच होतं. मग त्यांनी विचारलं, आई काय विचारत होती. आई हा शब्द त्यांच्या तोंडून आला तेव्हा नातीच्या पापण्या हलल्या, पण तिनं तसं दाखवलं नाही. म्हणाली, चूक कोणाची नव्हती म्हणे, असं विचारत होती. मामीची का, म्हणाली. मी सांगितलं, नाव सांगता येत नाही. तिनं दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तेच सांगितलं.

“सख्खी आई आहे ती तुझी.”

“नियम सगळ्यांना सारखा आहे.”

“मग काय म्हणाली?”

“हसली. म्हणाली, मामीची तर मामीची. आईच्या तोंडून निघालं ना एवढं. मामी सुटली बिचारी.”

बाईंनी रचलेल्या खुर्च्यांच्या पाठीवर हात ठेवला. प्लॅस्टिक गार होतं. सून सुटली. नऊ वर्षांत सुनेनं एक काज वाकडं केलं नव्हतं, आणि आता लेक घरी जाताना बसमध्ये स्वतःऐवजी तिच्यासाठी बरं वाटून घेणार होती. त्या म्हणाल्या, मग त्या चष्मेवाल्या पोराला तरी खरं का नाही सांगितलंस, शब्द आठवत नाहीत म्हणे.

“काय सांगायला हवं होतं?” नात म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच चढला, पण थोडाच. “चार सेकंद कशाला लागले ते? तिथे, माइकवर? आई समोर बसली असताना? ते सांगायचं काम माझं नव्हतं, आजी. मी तुझं सगळं ऐकलं होतं, चाळीस मिनिटं. आणि तू तिच्या चार रांगा मागे होतीस.”

बाईंना बोलता आलं असतं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. नातीनंही बघितलं, आणि म्हणाली, चारची बस. सुटली असेल आता. मग तिनं खिशातून फोन काढला, त्यावर अंगठा फिरवला, आणि तो आजीसमोर धरला. पडद्यावर ते नाव होतं. ‘आई’ नव्हतं लिहिलेलं, नावच लिहिलेलं होतं, मोठ्या अक्षरांत, बाईंनाही वाचता येईल अशा.

“लावू?”

आजूबाजूला पोरं चहा पीत होती. पुठ्ठेवाली किडकिडीत पोर जवळूनच गेली आणि नातीला म्हणाली, छान झालं गं तुझं. बाई म्हणाल्या, “इथे? एवढ्या लोकांत?”

“बरं,” नात म्हणाली, आणि फोन लगेच खिशात गेला.

बाई थांबल्या. आता ती म्हणेल, चल तर मग, बाहेर जाऊ. म्हणेल, अगं आजी, लावते गं मी, एक मिनिट. खिशाकडे हात जाईल. नात हाताची घडी घालून, हनुवटी किंचित वर करून, समोरच्या चित्रांकडे बघत उभी होती, आणि ती हनुवटी, ते उभं राहणं, ओठांची ती बारीक मिटलेली रेघ बाईंनी रोज सकाळी ट्रायल रूमच्या आरशात बघितली होती, चाळीस वर्षं. आतल्या सभागृहात कुणीतरी माइकवर टिचक्या मारत पुढचं सत्र सुरू होत असल्याचं सांगू लागलं. नात वळली. बाईंनी तिची बाही धरली, तीच, मघाशी कुणीतरी सारखी केलेली.

“तुझी आई दोनदा विचारते,” बाई म्हणाल्या. “तू एकदा विचारतेस आणि हात मागे घेतेस. तू माझ्यावर गेलीस, बये. आणि हे मी कौतुकानं सांगत नाहीये.”